न आलेल्या कादंबरीचे शब्द

परिपत्रक आलं त्या दिवशी शाळेचा रांजण कोरडा होता. मुख्याध्यापक अमृतरावांनी आधी दोन मुलींना घागरी देऊन टँकरकडं पिटाळलं, मग चष्मा पुसत पुसत पाकीट फोडलं, आणि वाचता वाचताच रुद्राणीला हाक मारली. रुद्राणी उदगीरच्या त्या कन्याशाळेत मराठी शिकवायची. बी.ए. झालेली, दीड वर्षाची पोर सासूपाशी ठेवून येणारी, आणि दुसऱ्या एका बाईच्या रजेच्या जागेवर लागलेली. त्यामुळे मुख्याध्यापकांची हाक आली की ती हातातलं काम टाकून उठायची.

"घ्या बाई, नव्या जिल्ह्याचा पहिला प्रसाद," अमृतराव म्हणाले.

लातूर जिल्हा होऊन पाच महिने झाले होते. ऑगस्टात हलग्या वाजल्या, कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्यानं रंगवल्या गेल्या. पाऊस मात्र मृगात दोन दिवस तोंड दाखवून गेला तो गेलाच. दिवाळीपर्यंत उदगीरच्या निम्म्या आडांनी तळ दाखवला, आणि संक्रांत आली तेव्हा लोक एकमेकांना तिळगुळाऐवजी टँकरची वेळ विचारत होते. त्यात हे परिपत्रक. लातूरला मुलींसाठी वसतिगृह निघालं होतं. नववीतल्या मुलींनी परीक्षा द्यायची, प्रत्येक तालुक्यातल्या पहिल्या दोघींना तिथं जागा. राहणं, जेवण, दहावी आणि पुढचं कॉलेज सगळं तिथूनच. शंभर मार्कांचा पेपर. निम्मा गणिताचा, निम्मा मराठीचा; आणि मराठीचा अख्खा भाग एका नेमलेल्या कादंबरीवर. कादंबरीचं नाव होतं 'सागाची होडी'. सोबत कठीण शब्दांची यादी होती, चक्रमुद्रित, सात पानांची. एकशे बत्तीस शब्द, अर्थ आणि धातू यांच्यासकट. खाली लिहिलं होतं, कादंबरीच्या प्रती स्वतंत्रपणे पाठवण्यात येत आहेत.

"आणि प्रती?" रुद्राणीनं विचारलं.

"प्रती निघाल्यात. पण गठ्ठ्यावर पत्ता जुन्या जिल्ह्याचा. ते म्हणतेत, उदगीर आता आमचं न्हाई. हे म्हणतेत, गठ्ठे आमच्याकडं उतरलेच न्हाईत. मी दोन तारा केल्या."

"मग शिकवायचं काय?"

"शब्द हायत की," अमृतराव म्हणाले आणि रांजणाचं काय झालं ते बघायला बाहेर गेले.

परीक्षेला चौघीजणी बसणार होत्या. शाळा सुटली की रुद्राणी त्यांना तासभर थांबवून घ्यायची. यादीत सगळा समुद्र भरला होता. जलधी, तरंग, शीड, सुकाणू, दीपगृह, भरती, ओहोटी, परतीर. चौघींपैकी एकीनंही समुद्र पाहिला नव्हता आणि खरं म्हणजे रुद्राणीनंही नव्हता. मग तिनं अर्थ पाठ करून घ्यायचं सोडलं आणि धातूवर आली. फळ्यावर मधोमध एक धातू लिहायचा, त्याच्या भोवती त्याची पिलावळ. धा म्हणजे ठेवणं. जल ठेवलंय जिथं तो जलधी. जपून ठेवलेला तो निधी. ठरवून दिलेला काळ तो अवधी. तॄ म्हणजे पार जाणं. त्यातून तरणं, तारू, तीर्थ. पार गेला तो उत्तीर्ण.

"बाई, म्हंजे परीक्षेत पास हुनं अन् नदी वलांडनं एकच म्हना की," नागम्मा म्हणाली.

नागम्मा या चौघींत पुढं बसायची. पंधराची असेल. उंच, काटकुळी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न पुसलेले. एकदा सांगितलेला धातू ती विसरत नसे आणि त्याची नवी पिल्लं घरून शोधून आणायची. वह् म्हणजे वाहून नेणं, असं रुद्राणीनं सांगितलं तसा तिचा हात वर गेला.

"आमच्या अप्पाची गाडी हे वाहन. टिपाडातनं रस्त्यावर सांडत जातंय त्यो प्रवाह."

"आन त्याच्या खाली लिवलंय ते?" मागून तारामतीनं टोमणा मारला. "विवाह. ते बी तुझंच हाय की."

बाकीच्या दोघी तोंडावर ओढण्या धरून हसल्या. नागम्मा हसली नाही. तिनं वहीत तो शब्द लिहिला, अर्थ लिहिला, आणि पुढच्या शब्दासाठी फळ्याकडं बघत राहिली.

त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नागम्माचे वडील बसलिंगप्पा बैलगाडीवर तीन टिपाडं, मोठी लोखंडी पिंपं, लावून लांबच्या एका आडाचं पाणी गल्लोगल्ली पोचवायचे. परीक्षेच्या अर्जावर सही करायला ते शाळेत आले तेव्हा त्यांनी रुद्राणीला सगळं उभ्याउभ्या सांगून टाकलं होतं.

"शरणार्थ बाई. सही करतो, पन एक सांगतो. माझी बहीण भालकीकडं दिलीय. तिच्या घरच्या हिरीला अजून दोन परूस खोल पानी हाय. तिच्या लेकासाठी नागूला मागून ऱ्हायलीय ती. मला पोरीला शिकवू नये असं काय न्हाई. पन हितं तिची आई कळशीभर पान्यासाठी भांडनं करती, अन् पोरगी शाळेतून आली की पाळीला हुबी ऱ्हाती. वसतिगृहाला बोर हाय म्हनतेत. तिथं गेली तर जाऊ द्या, शिकू द्या. न्हाई तर बहिणीच्या घरी. कुठं तरी पानी असलं पायजे एवढंच."

दोन्हीतलं एक. यात बाप वाईट कुठं होता? रुद्राणी घरी येऊन हेच घोळवत राहिली. तिच्या घरीही पाण्याचीच मोजणी चाले. सासू रत्नम्मा सकाळी पहिला तांब्या लिंगपूजेला काढून ठेवायची, दुसरा गौरम्माच्या दुधाला. गौरम्मा म्हणजे रुद्राणीची मुलगी, सगळे तिला गौरू म्हणत. तिचं पाणी रुद्राणी स्वतः उकळायची, स्वतः गाळायची आणि वर झाकण ठेवून त्यावर वरवंटा ठेवायची. सासू म्हणायची, "पोरीला पाणी पाजायलीस का पोलीस पहारा करायलीस?" रुद्राणी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. गल्लीत दोन लेकरं हगवणीनं गेली होती.

जानेवारीच्या शेवटी तिला राहवेना. धातू पाठ होत होते, पण मुली रोज एकच विचारायच्या, बाई, कादंबरीत होतं तरी काय? शनिवारी शाळा सुटली तशी तिनं गौरूला कडेवर मारलं, कंधारला माहेरी दोन रात्री काढल्या आणि सोमवारी रजा टाकून नांदेड गाठलं. वजिराबादेतल्या पुस्तकांच्या दुकानात हणमंतराव नावाचे वयस्क गृहस्थ गल्ल्यावर बसलेले. त्यांनी वरपासून खालपर्यंत कपाट धुंडाळलं.

"सागाची होडी... होती ताई, दोन वर्षांमागं. गुरुवारी पुण्याचं पार्सल येतं. एक प्रत मागवून ठेवतो. गुरुवारी या."

"गुरुवारी नाही जमलं तर?"

"तर शुक्रवारी या, न्हाई तर पुढल्या महिन्यात या. या साली कादंबऱ्या कोण घेऊन ऱ्हायलंय? तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवतो."

परतताना कंधारच्या स्टँडवर ती गाडीची पाटी वाचायला वळली, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या एका म्हातारीनं मायेनं गौरूला आपल्या पेल्यातलं पाणी पाजलं. रुद्राणीनं वळून पाहिलं तेव्हा पेला रिकामा झाला होता आणि पोर ओठ चाटत होती. म्हातारीला काय बोलणार? उदगीरपर्यंत रुद्राणी पोरीच्या पोटावर हात ठेवून बसली. मंगळवारी दुपारी जुलाब सुरू झाले.

बुधवारी पोर मलूल पडली. डॉक्टरांनी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं द्या म्हणून सांगितलं. रुद्राणी रजेवर होती, तरी संध्याकाळी नागम्मा घरी आली आणि दारातच थांबली. मागं बसलिंगप्पा. त्यांच्या खांद्यावर बैलांची दावी तशीच होती.

"बाई, रागावू नका," बसलिंगप्पा म्हणाले, "पन हे पोरगं... ही पोरगी म्हनती की पुस्तकच आलेलं न्हाई. मग परीक्षा कशाची? बहिणीचा निरोप आलाय. नुसत्या शब्दांवर मी तिला किती दिवस थांबवून धरू?"

रुद्राणीच्या मांडीवर गौरू होती, हातात चमचा. तिनं नागम्माकडं पाहिलं. नागम्मा जमिनीकडं बघत होती आणि पायाच्या अंगठ्यानं पोपडा निघालेली भुई उकरत होती.

"पुस्तकाचं अडत नाही," रुद्राणी म्हणाली. "ती कादंबरी माझी वाचलेली आहे. कॉलेजात होती आम्हाला."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. पण बसलिंगप्पांच्या तोंडावरचा ताण एकदम सैल पडला होता.

"मग झालं की. नागू, तू उगं घाबरायलीस. बाईंना समदं पाठ हाय." आणि ते तिथंच उंबऱ्याबाहेर टेकले. "सांगा बाई, म्या बी ऐकतो जरा. बैलं थकल्यात."

आता सांगणं भाग होतं. रुद्राणीनं एक चमचा पोरीच्या ओठांना लावला आणि सात पानांतले शब्द एकेक करून डोळ्यांपुढं आणले. दीपगृह होतं, वियोग होता, अवधी होता, परतीर होतं, साश्रू होतं. शब्द आहेत म्हणजे त्यांच्यामागं काहीतरी घडलं असणारच. कोकणातला एक खलाशी, ती म्हणाली. त्याची एकुलती मुलगी सुमित्रा. तिला आई नाही. खलाशी सागाची होडी बांधतो आणि मुलीला म्हणतो, मी दोन वर्षांच्या अवधीनं येईन. आणि मग तिची नजर दारातल्या माणसाकडं गेली आणि गोष्ट आपोआप वळली. पलीकडच्या तीरावर मुलींची मोठी शाळा असते. खलाशाला पोरीला त्या शाळेत घालायचं असतं, म्हणून तो जातो. सुमित्रा रोज दीपगृहाच्या पायरीवर बसून अभ्यास करते. वादळ होतं, लोक म्हणतात, बाप बुडाला, पोरीचं लग्न लावून टाका. ती नाही म्हणते. आणि एक दिवस शीड दिसतं.

बसलिंगप्पांनी डोळे पुसले, आणि ते लपवायला बैलांना शिवी हासडत उठले.

"आनी त्यो तिला शाळेत न्हेतो?" नागम्मानं विचारलं.

"नेतो."

"त्याच होडीनं?"

"त्याच होडीनं."

गुरुवारी गौरूला जास्तच होतं, त्यामुळे नांदेडचा विचारसुद्धा मनात आला नाही. पंचाक्षरी, तिचा नवरा, तहसील कचेरीत होता आणि दुष्काळी कामात टँकरच्या पाळ्या लावायचं त्याच्याकडं असल्यामुळे आठ-आठ दिवस घरी फक्त कपडे बदलायला यायचा. तिनं त्याला म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "अगं, टँकर सोडून मी पुस्तक आणायला जाऊ? लोक मला जाळतील."

रविवारपर्यंत पोर हसायला लागली. सोमवारी भात खाल्ला. त्यानंतर परीक्षेला तब्बल तीन आठवडे होते, आणि नांदेडला जाऊन-येऊन एक दिवस लागत होता. हे रुद्राणीला पुढं कितीतरी दिवस स्वतःपाशी कबूल करता येईना. ती गेली नाही ते पोरीमुळे नाही. पोर बरी झाली होती. ती गेली नाही, कारण आता त्या दुकानात चिठ्ठी लावलेलं पुस्तक उघडलं असतं तर सुमित्रा त्यात नसण्याची शक्यता होती. वर्गात चौघींनी सुमित्रा आपलीशी करून टाकली होती. तारामती तिची वेणी कशी असेल ते सांगायची. नागम्मानं एकशे बत्तीस शब्दांपैकी जवळजवळ सगळे तिच्या तोंडी घातले होते. 'साश्रू नयनांनी सुमित्रेने परतीराकडे पाहिले' असं वाक्य तिनं लिहून आणलं तेव्हा रुद्राणीनं त्याच्याखाली लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं म्हणता म्हणता तिनं स्वतःला पटवलं की गोष्ट साधारण अशीच असणार. आणखी कशी असेल? होडी आहे म्हटल्यावर ती पाण्यात जाणार, कुणीतरी वाट बघणार.

परीक्षेला अमृतराव मुलींना घेऊन एसटीनं लातूरला गेले. रुद्राणी दिवसभर दाराशी ये-जा करत होती. संध्याकाळी नागम्मा स्टँडवरून घरी न जाता सरळ तिच्याकडं आली. चेहरा उन्हानं रापलेला, पण डोळे लकाकत होते. तिनं दप्तरातून चार घड्या घातलेली प्रश्नपत्रिका काढली.

"शब्दांचे समदे आले बाई. दहापैकी दहा पडतील बघा. गणित बी सोपं हुतं."

रुद्राणीनं प्रश्नपत्रिका हातात घेतली. कादंबरीवरचा पहिला प्रश्न वीस मार्कांचा होता. होडी अंगणातून शेवटपर्यंत का हलली नाही, ते सविस्तर लिहा. दुसरा, सुताराचा धाकटा भाऊ त्याच्याशी का बोलत नव्हता? तिसरा, गावातील लोक त्या होडीला काय म्हणत?

तिनं प्रश्न पुन्हा वाचला. खोलीत गौरू वाटी आपटत होती, तो आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता.

"तू काय लिहिलंस?"

"पैला प्रश्न चुकीचा हुता ना बाई," नागम्मा खुशीत म्हणाली. "तारामती घाबरली, तिनं कायबाय ठोकून दिलं. मी न्हाई घाबरले. मी लिवलं, प्रश्न चुकला आहे, होडी समुद्रात गेली होती. अन् मग तुमी सांगितल्यापरमानं समदी गोष्ट लिवली. अडीच पानं. सुमित्राचं तर लईच चांगलं आलं."

रुद्राणीनं 'बरं' म्हटलं. नागम्मा गेल्यावर सासूनं विचारलं, "पोरगी पास हुईल का गं?" तर तिनं फक्त मान हलवली, आणि ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे रत्नम्मालाही कळलं नाही.

निकाल मार्चमध्ये शाळेत आला. नागम्माचं नाव त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी रुद्राणी एकटी लातूरला गेली. नव्या कचेरीत अजून चुन्याचा वास येत होता. कारकून तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं यादी काढून दाखवली.

"गणितात एकोणचाळीस. शब्दांत दहापैकी दहा. अख्ख्या तालुक्यात कुणालाच न्हाईत दहा. कादंबरीत चाळीसपैकी भोपळा. एकोणपन्नास झाले. तुमच्या तालुक्यातली दुसरी पोरगी बावन्नवर हाय. पोरीनं काय लिवलंय ते बघितलं मी. परीक्षकांनी आमाला वाचून दाखवलं, हसायले होते सगळे. पोरीला पुस्तक दिलं न्हवतं का?"

"आमच्याकडं पुस्तक आलंच नाही," रुद्राणी म्हणाली. "गोष्ट मी सांगितली. माझ्या मनानं. तिची चूक नाही त्यात. तिचे शब्द बघा, गणित बघा. तीन मार्कांचा प्रश्न आहे."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "बाई, हे तुमी तोंडी सांगितलं, मी ऐकलं न्हाई असं धरतो. लेखी दिलंत तर चौकशी तुमची लागंल. तुमी रजेच्या जागेवर हायत ना?"

"लेखी देते."

तिनं तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. स्वतःचं नाव, शाळेचं नाव, आणि पुस्तक मिळण्यासारखं असतानाही आपण आणलं नाही, हेही लिहिलं. कारकुनानं वाचलं, आवक क्रमांक टाकला आणि फाइलीत लावलं.

"आता काय होईल?"

"वसतिगृहाच्या जागा भरल्या. पोरींच्या नावचे हुकूम पण निघाले. आता ही फाईल साहेबांपुढं जाईल तेव्हा जाईल. पुढच्या साली परत परीक्षा हाय की. बसवा तिला."

पुढचं साल नागम्माला नव्हतं, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्या अर्जाचं पुढं काहीच झालं नाही. चौकशी लागली नाही, कुणी विचारायला आलं नाही. एप्रिलमध्ये रजेवरची बाई परत आली आणि रुद्राणीची नोकरी आपल्या आपण संपली. शेवटच्या दिवशी अमृतरावांनी तिला कोपऱ्यातला गठ्ठा दाखवला. सुतळी अजून सोडलेली नव्हती. "आल्या बघा शेवटी," ते म्हणाले. "न्या एक."

तिनं एक प्रत नेली आणि दोन दुपारी लावून वाचून काढली. समुद्रापासून कितीतरी लांब, घाटावरच्या एका गावात एक म्हातारा सुतार आयुष्यभर अंगणात होडी बांधत असतो. समुद्र त्याच्या बोलण्यात असतो, तेवढाच. धाकटा भाऊ त्याला वेडा ठरवतो. होडी पुरी होते आणि अंगणातच राहते, कारण तिला न्यायला रस्ताच नसतो. चांगली कादंबरी होती. दुसऱ्या कुठल्या साली वाचली असती तर रुद्राणीला आवडली असती.

नागम्माचं लग्न वैशाखात उदगीरलाच झालं. बसलिंगप्पा अक्षता घेऊन स्वतः बोलवायला आले होते. वाळले होते, पण खुशीत होते. "तिकडची मंडळी खूश हायत बाई. सून नववी शिकलेली, शब्द असे बोलती म्हनं की जंगमस्वामी बी ऐकत ऱ्हातेत. तुमच्या हातची कमाई. या मात्र."

लग्नाच्या सकाळी रुद्राणी खण-नारळ घेऊन गेली. गौरूला कडेवर घेतलं होतं. आतल्या खोलीत हळद लागलेली नागम्मा एकटीच पाटावर बसली होती. बायका बाहेर पाण्याच्या पिंपाभोवती होत्या. नवरदेवाकडच्यांनी येताना बैलगाडीतून दोन पिंपं पाणी आणलं होतं, आणि तेच सगळ्यांच्या बोलण्यात होतं. रुद्राणीनं ओटी भरली. जायला उठली, आणि परत बसली.

"नागम्मा, तुला एक सांगायचंय. ती कादंबरी मी वाचलेली नव्हती. कॉलेजात पण नव्हती आम्हाला. गोष्ट मी रचली होती. तुझे अप्पा दारात बसले होते म्हणून त्यात शाळा घातली."

नागम्मा तिच्याकडं बघत राहिली. हळदीनं चेहरा असा झाला होता की त्यावर काय उमटतंय ते वाचता येईना.

"म्हंजे प्रश्न बरोबर हुता."

"हो."

"अन् मी चूक म्हनून लिवलं." तिनं हातावरची हळद अंगठ्यानं घासली. "तुमी वाचली का मग नंतर?"

"वाचली."

"सुमित्राचं काय हुतं त्याच्यात? शाळेत जाती का?"

"सुमित्रा नाही त्यात. मुलगी कुणीच नाही. एक म्हातारा सुतार आहे आणि त्याचा भाऊ."

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

नागम्मानं मांडीवरचा नारळ उचलून बाजूला ठेवला. गौरूनं तिच्या बांगड्यांकडं हात केला, तो तिनं हलकेच धरला आणि सोडून दिला.

"बाई, आज कशाला सांगितलं तुमी हे?"

रुद्राणीला वाटलं होतं, खरं सांगितलं तर पोरीवरचा तरी अन्याय निघेल, ती मठ्ठ नव्हती एवढं तिला कळेल. पण आपण इथं आलो ते कुणासाठी, हे तिला त्या प्रश्नानंतर नीट दिसलं आणि तिनं गौरूला परत कडेवर घेतलं. नागम्मानं पदर सावरला.

बाहेरून आईनं हाक मारली, "नागू, चल गं, सासूबाई वाट बघायल्यात." ती उठली. बाहेर थोरामोठ्यांची रांग होती. ती एकेकीच्या पाया पडत गेली, आजी, मावशी, शेजारची म्हातारी. रांगेच्या शेवटी रुद्राणी पोरीला घेऊन उभी राहिली होती. नागम्मा तिच्यापुढंही वाकली, इतरांपुढं वाकली तितकीच, आणि उठून पुढं गेली.